‘ती गेली तेव्हा’ वाचताना ‘ती’ मीच होते, हा अर्थ चूक कसा?

वैनगंगा

गेल्या रविवारी नागपूरला धरमपेठेत आमच्या वाचनगटाची बैठक झाली. आठ-दहा जण जमतो, एकच कविता घेतो, दीड-दोन तास तिच्यापाशीच बसतो. या वेळी कवी ग्रेस यांची ‘ती गेली तेव्हा’ घेतली होती. कवितेत बोलणारा मुलगा आहे. आई निघून गेली आहे, बाहेर पाऊस आहे, आणि अंगणात त्याला आपलं बालपण संपल्यासारखं वाटतं.

गटात एक ताई नव्याने यायला लागल्या आहेत. (त्यांना विचारूनच लिहिते आहे.) त्या म्हणाल्या, “मला ही कविता त्या पोराची वाटतच नाही. ऐकताना मी ती गेलेली बाई असते.” अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांना गडचिरोलीकडे नोकरी लागली. चार वर्षांचा मुलगा आजीजवळ ठेवून त्या गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता. “माझ्या मागे अंगणात काय झालं असेल, ते मला कोणी सांगितलं नाही. या कवितेने सांगितलं.”

त्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “हे तुमचं दुःख झालं, कवितेचा अर्थ नव्हे.” ताई गप्प बसल्या आणि चहा न घेताच निघाल्या.

मला हे अजिबात पटलेलं नाही. लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९३८ च्या आणि पुढे १९७८ च्या पुस्तकात हेच मांडलं, की छापलेला मजकूर म्हणजे कविता नव्हे; वाचणारा आणि मजकूर भेटतात तेव्हा कविता घडते. ताईंच्या बाबतीत ती घडली होती. आम्ही बाकीचे त्या दिवशी प्रतिमा मोजत बसलो होतो.

अनुशीलन

वैनगंगाताई, त्या बाईंना तसं तोडून बोलायला नको होतं, हे आधी सांगतो. पण मुद्दा त्या सदस्यांचाच बरोबर आहे.

आपल्याकडे याचा विचार हजार वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. काश्मीरचे काव्यशास्त्रकार अभिनवगुप्त यांनी रसाच्या, म्हणजे काव्याच्या आस्वादाच्या, आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यातलं एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाने माणूस इतका व्यापला जातो, की समोरच्या काव्याला मनात जागाच उरत नाही. त्यांचा सहृदय वाचक म्हणजे नुसता हळवा माणूस नव्हे. काव्य वाचून वाचून ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो. आरशात आपलाच चेहरा दिसत असेल तर कविता कुठे दिसणार?

त्यात ही कविता संदिग्धही नाही. पहिल्या दोन ओळी ऐकून पुष्कळ लोक ती प्रेयसीवरची समजतात. पण लगेच पुढे ‘आई’ हा शब्द स्वच्छ आला आहे. प्रेयसी समजणाऱ्याला आपण चुकला म्हणतो ना? कशाच्या आधारावर? कवितेतल्या शब्दाच्या. मग तोच आधार सगळ्यांना लागू करा. ज्याला जे वाटलं तो अर्थ म्हटलं, की एखाद्याचं वाचणं चुकलं असं म्हणायची सोयच राहत नाही, आणि कवीने शब्द निवडताना घेतलेले कष्टही वाया जातात. मला या कष्टांचं फार वाटतं.

इंदोरा_वाचनालय

अनुशीलन सर, शाळेत आम्हाला एकलव्याची गोष्ट होती. गुरुभक्तीचा आदर्श, खाली प्रश्न: ‘एकलव्याचा कोणता गुण तुम्हाला आवडला?’ मी घरी मोठ्याने वाचून राहिलो होतो. आजोबा बाजेवर पडले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर गेलेले, चौथी शिकलेले. त्यांनी विचारलं, “अंगठा कोणाचा गेला? आणि फायदा कोणाचा झाला?”

सर, हे माझ्या आजोबांचं ‘निजसुखदुःख’च होतं. आयुष्यभर त्यांचे अंगठे कोणी ना कोणी मागतच होतं. तुमच्या हिशेबाने त्यांचा आरसा मळलेला. पण पुढे कॉलेजात महाभारतातलं आदिपर्व वाचलं, तर तिथे सरळ लिहिलेलं आहे: तुझ्यापेक्षा वरचढ असा माझा दुसरा शिष्य होणार नाही, हे द्रोणांनी अर्जुनाला दिलेलं वचन. अर्जुन त्याची आठवण करून देतो आणि त्यानंतर अंगठा मागितला जातो. अर्थ मजकुरातच होता. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तो वाचला आणि भक्तीचा धडा काढला. स्वच्छ आरसेवाल्यांना ती ओळ का दिसली नाही?

अनुशीलन

तुमच्या आजोबांचा प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. बरोबर प्रश्न आहे तो. पण बघा, तुम्ही स्वतः आदिपर्वाकडे गेलात. आजोबांना वाटलं म्हणून अर्थ खरा, असं तुम्ही म्हटलं नाही, ओळ दाखवलीत. मी तेवढंच मागतो आहे.

वैनगंगा

पण ओळ शोधायला त्यांना पाठवलं कोणी? आजोबांनी. बाजेवरून तो प्रश्न आला नसता तर आदिपर्व उघडूनही ते भक्तीच शोधत बसले असते. तुम्ही पुरावा मागता, ते ठीक. मात्र पुराव्याकडे बोट कोण दाखवतं, याला तुमच्या हिशेबात जागाच नाही.

आणि ताईंनी कवितेतला कोणता शब्द नाकारला, ते सांगा. आई आईच राहिली, मूल मूलच राहिलं, जाणंही तसंच. त्या फक्त दुसऱ्या बाजूने उभ्या राहिल्या. कविता जिच्यामुळे आहे ती बाई कवितेत एक शब्दही बोलत नाही. ती गप्प आहे, हे मी इतक्या वेळा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. ताईंमुळे आलं. याला अर्थ म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

शिक्षक_सीताबर्डी

पंचवीस वर्षं मराठी शिकवतो आहे. ‘कवीला काय सांगायचे आहे?’ या प्रश्नाला वर्गातली सगळी मुलं एकच वाक्य लिहितात, गाईडमधलं. त्यात ना कवी असतो ना मूल. पण उलटंही पाहिलं आहे. ‘तुम्हाला काय वाटले?’ विचारलं, की कविता बाजूला ठेवून मुलं स्वतःवर निबंध लिहितात. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता वाचायला दिल्या होत्या. १९२९ च्या त्यांच्या पुस्तकात हाच घोळ नोंदलेला आहे. एखादा शब्द वाचून स्वतःची आठवण जागी होते आणि वाचणारा कविता सोडून तिच्याच मागे जातो.

मी आता वर्गात दोन्ही विचारतो: काय वाटलं, आणि कोणत्या शब्दामुळे. दुसऱ्या प्रश्नाला मुलं अडतात, वही चाळतात, पुन्हा कविता वाचतात. माझ्या तासातला तो सगळ्यात चांगला वेळ असतो.

अनुशीलन

सर, तुमचा दुसरा प्रश्न मला हवा तोच आहे. वैनगंगाताई, रोझेनब्लॅट यांनीही प्रत्येक वाचन सारखंच मोलाचं असं म्हटलेलं नाही; मजकुराला धरून असलेलं वाचन त्या वेगळं काढतात, हे नोंदवून ठेवतो. आई बोलत नाही हा मुद्दा मात्र कवितेत दाखवता येतो, म्हणून तो मी घेतला. त्या ताईंची आठवण मी अजूनही अर्थात धरत नाही. ती त्यांची आहे आणि त्यांच्याचपाशी राहावी. अठ्ठावीस वर्षांचं ओझं ग्रेसांच्या मोजक्या ओळींवर टाकलं, तर दुसऱ्या कोणाला त्या ओळी मोकळ्या कशा मिळतील?

वैनगंगा

काल संध्याकाळी ताईंना फोन करून हा सगळा धागा वाचून दाखवला. शेवटचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, “त्यांना सांगा, मी गेले तेव्हा पाऊस नव्हता. मे महिना होता. गणेशपेठच्या स्टँडवर ऊन असं होतं की गाडीच्या खिडकीचा गज हातात धरवत नव्हता. पण आता मला तो दिवस आठवतो तेव्हा पाऊस पडत असतो. तो माझ्याकडचा नाही, त्या कवितेतला आहे.”

अनुशीलन

हे मला सुचलं नव्हतं. मी समजत होतो त्यांनी आपलं दुःख कवितेवर घातलं, आणि इथे तर कवितेचा पाऊस त्यांच्या मे महिन्यात पडतो आहे. याला ‘निजसुखादिविवशीभाव’ म्हणता येणार नाही, हे मी मान्य करतो. काय म्हणायचं, ते अजून ठरत नाही. पुढची बैठक कधी आहे? ताई येणार असतील तर मला यायचं आहे.

वैनगंगा

रविवारी, पाच वाजता. तीच कविता पुन्हा घेतो आहोत. वाचणार ताईच आहेत.