क्वार्टरबॅकची थोरवी अंगठ्या मोजून ठरवायची का?

हडसनकाठी:
सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना, झाला की आमच्या न्यू जर्सीतल्या मित्रमंडळींत सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) कोण यावर वाद पेटतो, आणि 'टॉम ब्रेडीच्या सात अंगठ्या आहेत' एवढ्यावर तो मिटवला जातो. अंगठी म्हणजे सुपर बोलचं विजेतेपद. मला हा निकष मुळातच पटत नाही.

फेब्रुवारी २०१९ चा सुपर बोल आठवा. ब्रेडीचा संघ पेट्रियट्स १३-३ ने जिंकला. ब्रेडीचा एकही टचडाउन पास (टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) नव्हता, सामना डिफेन्सने, म्हणजे बचावफळीने, काढून दिला. आदल्याच वर्षी ईगल्सविरुद्ध त्याच ब्रेडीने ५०५ यार्डांचे पास आणि ३ टचडाउन टाकले, आणि संघ ४१-३३ ने हरला. मग कोणत्या दिवशी तो थोर होता?

डॅन मरीनोचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्याच्याआधी एका हंगामात कोणी ३६ च्या वर टचडाउन पास टाकले नव्हते. १९८४ मध्ये त्याने ४८ टाकले, शिवाय ५,०८४ यार्ड. सुपर बोलमध्ये मात्र माँटानाच्या फोर्टीनायनर्सनी ३८-१६ असं हरवलं आणि पुन्हा तिथवर जाणं झालंच नाही. उलट ट्रेंट डिल्फरकडे अंगठी आहे, कारण त्याच्या रेव्हन्स संघाचा डिफेन्स भयंकर होता. जिंकल्यावर संघाने त्याला पुढच्या हंगामासाठी ठेवलंसुद्धा नाही. सचिनला विश्वचषक २०११ मध्ये मिळाला. २०१० पर्यंत तो कमी दर्जाचा फलंदाज होता, असं आपण म्हणतो का?

आपल्या काळातल्या इतरांपेक्षा तो किती पुढे होता, हे बघा. माझी यादी: जॉनी युनायटस, पेटन मॅनिंग, ब्रेडी, मरीनो, माँटाना.

रेड_झोन:
पूर्ण असहमत. सचिनची तुलना इथे लागू होत नाही. फलंदाज बाद झाला की उरलेले दहा जण खेळतात. इथे आक्रमणाचा जवळपास प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो, समोरची रचना वाचून ऐनवेळी खेळी बदलायचं कामही त्याचंच. जिंकून देणं हीच त्याची नोकरी आहे.

फेब्रुवारी २०१७, फाल्कन्स २८-३ ने पुढे, तिसरा क्वार्टर चालू. तिथून ब्रेडीने सामना ओव्हरटाइममध्ये नेऊन ३४-२८ जिंकला. ही फक्त पेट्रियट्सचे प्रशिक्षक बेलिचिक यांची किमया असती, तर २०२० मध्ये ब्रेडी टँपाच्या संघात गेल्यावर पेट्रियट्स ७ विजय, ९ पराभव इथवर का घसरले? तिकडे ४३ व्या वर्षी त्याने माहोम्सच्या चीफ्सना ३१-९ हरवून सातवी अंगठी घातली. तुमच्या यादीत तो तिसरा? राव, हा अन्याय आहे.

बे_एरियाकर:
अंगठ्याच मोजायच्या तर अंतिम सामन्यात खेळ कसा झाला तेही मोजा. माँटाना: ४ सुपर बोल, ४ विजय, ११ टचडाउन, इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) शून्य. ब्रेडी दहापैकी तीन हरला. जानेवारी १९८९ मध्ये बेंगल्सविरुद्ध ९२ यार्डांची ती शेवटची चाल आणि ३४ सेकंद उरले असताना जॉन टेलरला दिलेला पास, याच्या तोडीचं मला काही दिसत नाही. पाचवा क्रमांक पटला नाही.

हडसनकाठी:
@बे_एरियाकर, माँटानाच्या मागे प्रशिक्षक बिल वॉल्शची पद्धत होती आणि समोर जेरी राइससारखा रिसीव्हर (पास झेलणारा). शिवाय १९७८ च्या नियमबदलाचा फायदा त्याच्या पिढीला मिळाला. त्या वर्षीपासून पाच यार्डांपुढे रिसीव्हरला अडवायची बंदी आली आणि ब्लॉक करणाऱ्यांना हात पसरून ढकलण्याची मुभा मिळाली. युनायटसला यातलं काहीच नव्हतं. तरी १९५६ ते १९६० त्याने सलग ४७ सामन्यांत टचडाउन पास टाकला. तो विक्रम २०१२ मध्ये ड्रू ब्रीसने मोडला. नियम इतके सैल होऊनही अर्धशतक लागलं, म्हणून तो पहिला.

@रेड_झोन, अंगठ्यांवर ठाम असाल तर ब्राउन्सचा जुना क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहमला कुठे ठेवता? दहा हंगाम, दहा अंतिम सामने, सात विजेतेपदं.

रेड_झोन:
वरच ठेवतो, ब्रेडीच्या लगेच खाली. त्यातली चार विजेतेपदं दुसऱ्या लीगमधली आहेत हे माहीत आहे. पण १९५० मध्ये ब्राउन्स एनएफएलमध्ये आले आणि पहिल्याच वर्षी जिंकले, म्हणजे त्यांची आधीची लीग कच्ची नव्हती. माझा निकष सगळ्यांना सारखा.

ह्यूस्टनची_वहिनी:
सारखा असेल तर क्वार्टरबॅक वॉरन मूनच्या एडमंटनमधल्या सलग पाच ग्रे कपचं, म्हणजे कॅनडाच्या लीगच्या विजेतेपदांचं, काय? तुम्हा तिघांच्या वादात तो आलाच नाही. जानेवारी १९७८ च्या रोज बोल या कॉलेज सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या या मुलाला त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) एकाही संघाने निवडलं नाही. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला रिसीव्हर किंवा बचावात हलवायची तेव्हा पद्धतच होती. त्याला क्वार्टरबॅकच राहायचं होतं, म्हणून तो कॅनडाला गेला. हडसनकाठी, तुमचा 'समकालीनांच्या तुलनेत' हा निकषही इथे लंगडा पडतो, कारण समकालीनांपैकी कित्येकांना मैदानात उतरूच दिलं नव्हतं.

रेड_झोन:
वहिनी, अन्याय झाला हे शंभर टक्के मान्य. पण कॅनडात मैदान मोठं, खेळाडू बारा, डाउन (पुढे सरकायच्या संधी) तीनच. तो खेळच वेगळा, त्यामुळे ग्रॅहमच्या चार विजेतेपदांशी त्याची बरोबरी होत नाही. यादी मैदानावर घडलेल्याचीच करता येते.

ह्यूस्टनची_वहिनी:
घडलेलंच घ्या मग. मून एनएफएलमधल्या ऑयलर्सकडे आला १९८४ मध्ये, २७ व्या वर्षी. डिसेंबर १९९० मध्ये, ३४ व्या वर्षी, त्याने चीफ्सविरुद्ध एकाच सामन्यात ५२७ यार्ड टाकले, आणि त्या हंगामात ४,६८९ यार्डांसह तो लीगमध्ये पहिला होता. ज्याचा हात चौतिसाव्या वर्षी असा चालत होता, त्याचे एनएफएलबाहेर गेलेले सहा हंगाम तुमच्या यादीत शून्य म्हणून का धरायचे?