थोरल्याचे कपडे धाकट्याला: घरी मापात आणताना काय केलं?

थंडी पडली की आमच्याकडे पेटी उघडते. यंदा पुतण्याच्या दोन पॅन्ट आणि जावेचे कुर्ते निघाले. कापड धडधाकट, माप मात्र कोणाचंच नाही. मी नागपूरला नंदनवन भागात राहते, घरी पायमशीन आहे. पॅन्टची कंबर मागच्या शिवणीतून दीड इंच घेतली, ते लगेच जमलं. कुर्त्याचे खांदे मात्र दोनदा उसवले. तुम्ही काय केलं ते आपल्या भागाचं नाव टाकून लिहा. बिघडलेलंही लिहा, त्यातून जास्त शिकायला मिळतं.

महाल
खांदा म्हणजे खरी परीक्षा, ताई. नुसत्या बाजू घेऊन भागत नाही. बाही पूर्ण उसवायची, खांदा हवा तेवढा आत कापायचा आणि बाही परत बसवायची. मी उसवलेल्या दोन्ही बाह्या गादीवर टाकल्या आणि जोडताना डावीची उजवीला लागली. बाहीचा पुढचा मुंढा, म्हणजे खांद्याला जोडायचा गोलावा, मागच्यापेक्षा जास्त खोल असतो, त्यामुळे अदलाबदल झाली की छातीवर चुण्या पडतात. आता उसवायच्या आधीच पुढच्या बाजूला खडूनं फुली मारते. मुंढा खाली उतरू देऊ नका. उतरला तर हात वर केला की अख्खा कुर्ता वर सरकतो.

मानेवाडा
आमच्या पोट्ट्याला मोठ्या भावाची जीन्स आखूड करून दिली. सुई १६ नंबरची लावा, बारीक सुई मोडते. जिथं शिवणीवर शिवण येते तिथं बत्त्यानं हलकं ठोकून घेतलं, मग मशीन अडली नाही.

इतवारी
माझं उलट, मला कपडा सैल करायचा होता. आत्याचा रेशमी ब्लाउज होता, बाजूला आत तीन शिलाया. बाहेरची ठेवून दोन उसवल्या आणि तिथलं कापड गडद निघालं. त्या पट्टीला इतक्या वर्षांत ऊनच लागलं नव्हतं. ती रेघ काही केल्या जात नाही, पण काखेखाली असल्यानं हात खाली असला की दिसत नाही. तरी काखेत ओढतच होतं. मग त्याच ब्लाउजच्या खालच्या दुमडीतून कापड काढून शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा काखेत बसवला. आधी कच्चा टाका, अंगात घालून पाहणं, मगच मशीन. आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही.

सक्करदरा
माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल आता नाही, आजोबाही नाहीत. त्यांचा एक पांढरा शर्ट आईनं जपून ठेवला होता. ते अंगानं बारीक, म्हणून मुलासाठी करून पाहावा वाटलं. तो बारा वर्षांचा आहे. कॉलर विरली होती, ती उसवून नुसती पट्टी ठेवली. बाहीच्या टोकापासून खालच्या घेरापर्यंत एकाच शिलाईत दोन्ही बाजू घेतल्या. खांदा थोडा उतरता राहिला, तो तसाच चालवला. तान्ह्या पोळ्याला मुलगा तोच घालून धाकट्या बहिणीचा लाकडी बैल ओढत गेला. बाजूची दोन-दोन इंच माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, मी कापलेली नाही, आत दुमडून ठेवली आहे. पुढच्या पोळ्याला उसवावी लागेल.