मदत हवी आहे: फर्लरवर जेनोआ गुंडाळताना हॅलयार्ड पिळतो

२६ फुटी शिडाची बोट, मुंबई बंदरात मुरिंगवर (तळाशी कायम नांगरलेल्या बोयाला बांधलेली). जेनोआ (पुढचं मोठं शीड) गुंडाळताना तीन-चार वेढ्यांनंतर फर्लिंगची दोरी (फर्लर, म्हणजे शीड गुंडाळणारं यंत्र, फिरवणारी) घट्ट अडते. दुर्बिणीतून पाहिलं, तर वरच्या स्विव्हलबरोबर (शिडाच्या डोक्याशी असलेला फिरता जोड) हॅलयार्डही (शीड वर चढवायची दोरी) फोरस्टेभोवती (डोलकाठीला पुढून धरणारी तार) पिळतोय. विंच (दोरी ओढायची चरखी) लावत नाही, फोरस्टेच्या तारा तुटायची भीती.

फर्लरच्या खालच्या ड्रमवर दोरी नीट बसते. स्विव्हलचं बेअरिंग गोड्या पाण्याने धुतलं, हॅलयार्ड थोडा सैल केला, बॅकस्टे (डोलकाठीची मागची तार) ताणून फोरस्टेचा झोल काढला. फरक नाही. शिडाचा लफ (पुढची कड) आखूड, त्यामुळे स्विव्हल फॉइलच्या (फोरस्टेवरची फिरती पट्टी) टोकाखाली ५० सेंमीवर राहतो आणि तिथून हॅलयार्ड फोरस्टेला जवळजवळ समांतर जातो. मला तरी मूळ तिथेच दिसतं.

रिस्ट्रेनर (हॅलयार्ड डोलकाठीकडे ओढून फोरस्टेपासून दूर ठेवणारी कडी) नाही, डोलकाठी पावसाळ्यापर्यंत उतरवता येणार नाही. शिडाच्या डोक्याला ४० सेंमी तारेचा पेनंट (जोडतुकडा) जोडून स्विव्हल वर नेला तर पुरेल, की रिस्ट्रेनरही लागेलच?