पुरातन वस्तूंच्या कार्यक्रमांचे सादरकर्ते नेमके कुठून येतात?

जुना_दिवा

नमस्कार. 'अँटिक्स रोडशो' (लोक आपल्या जुन्या वस्तू आणून जाणकारांना दाखवतात) आणि 'बार्गेन हंट' (स्पर्धक जुन्या वस्तू विकत घेऊन लिलावात विकतात) हे बीबीसीचे कार्यक्रम मी आवडीने पाहतो आणि त्यातून एक प्रश्न मनात घोळतो आहे. जुन्या वस्तूंविषयी पडद्यावर बोलणारी ही माणसे व्यापारातून, लिलावगृहांतून किंवा संग्रहालयांतून आलेली असतात, की दूरचित्रवाणीवर घडलेल्या निवेदकांकडून विषयाची तयारी करून घेतली जाते? माझी भाची पुरातत्त्वशास्त्रात एम. ए. करत आहे, तिला बोलण्याची उत्तम हातोटी आहे आणि याच वाटेने जाण्याची तिची इच्छा आहे. म्हणून सर्वसाधारण सल्ल्यापेक्षा प्रत्यक्ष कारकिर्दींची उदाहरणे मिळाली तर बरे होईल.

सागवान

आर्थर नेगस यांच्यापासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण या पेशाला आजचे रूप बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे आले. त्यांचा जन्म १९०३ साली रेडिंग येथे झाला. वडील लाकडी सामान घडवणारे कारागीर होते आणि त्यांच्या निधनानंतर सतराव्या वर्षीच दुकानाची जबाबदारी आर्थर यांच्यावर आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते ग्लॉस्टरच्या ब्रूटन नोल्स या लिलावसंस्थेत रुजू झाले. 'गोइंग फॉर अ साँग' हा कार्यक्रम १९६५ साली सुरू झाला तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. सूत्रसंचालन मॅक्स रॉबर्टसन करत. समोर ठेवलेली वस्तू कोणत्या काळातील आहे आणि तिला काय मोल येईल, हे सांगण्याचे काम नेगस यांचे असे.

त्यांच्या लोकप्रियतेचे श्रेय अनेकदा त्यांच्या साध्या, गावाकडच्या वळणाच्या बोलण्याला दिले जाते, परंतु मला ते कारण अपुरे वाटते. लाकडी सामान पारखणारा मनुष्य दर्शनी भागाकडे सर्वांत शेवटी पाहतो. तो आधी खण बाहेर ओढून त्याचे डव्हटेल सांधे (फळ्यांच्या टोकांना पाचरीसारखे कापून एकमेकांत अडकवलेले जोड) तपासतो, कारण हाताने कापलेले सांधे तंतोतंत एकसारखे नसतात. फळीच्या मागच्या बाजूला गोल पात्याच्या यंत्रकरवतीच्या कमानदार खुणा आढळल्या, तर ती फळी अठराव्या शतकातील असण्याचा संभव फारच कमी होतो. आणि जुन्या गोल मेजाची रुंदी तो दोन दिशांनी मोजतो, कारण लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आकसते आणि शतक-दोन शतकांत वर्तुळ किंचित लंबगोल होते. वरचा भाग एका कपाटाचा आणि खालचा दुसऱ्याचा, असे जोडकामही याच तपासणीत उघडे पडते. ही पारख प्रेक्षकांसमोर, वस्तूवर हात फिरवत, सहज बोलून दाखवता येणे हेच नेगस यांचे खरे सादरीकरण होते. १९७९ साली प्रसारित होऊ लागलेल्या 'अँटिक्स रोडशो'मध्येही ते १९८३ पर्यंत दिसत राहिले.

काचसामान

वरील मताला चिनी मातीच्या बाजूने दुजोरा देते. हेन्री सँडन हे मूळचे गायक. वूस्टर कॅथेड्रलच्या गायकवृंदासाठी ते त्या गावी आले, घराच्या बागेत खोदताना त्यांना रोमन काळातील भांडी सापडली आणि त्या ओढीतून ते पुढे तेथील डायसन पेरिन्स संग्रहालयाचे अभिरक्षक झाले. १९९० साली 'रोडशो'च्या नॉर्थॅम्प्टन येथील चित्रीकरणात एका बाईंनी घुबडाच्या आकाराचे एक मातीचे भांडे आणले, ज्यात त्या घरी फुले ठेवत असत. ते सतराव्या शतकाच्या अखेरीचे स्टॅफर्डशायरचे काम असल्याचे सँडन यांनी ओळखले. आज ते घुबड स्टोक-ऑन-ट्रेंटच्या संग्रहालयात आहे. त्या प्रसंगी सँडन यांना झालेला आनंद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अशा माणसाला सादरीकरणाचे शिक्षण लागत नाही हे वेगळे सांगावे लागणार नाही.

वार्ताहर_निवृत्त

माझे मत थोडे वेगळे आहे. आपण जाणकार आणि निवेदक या दोन जागा एकत्र करत आहोत. 'रोडशो'चे निवेदन १९८१ ते २००० ह्यू स्कली यांनी केले, त्यांच्यानंतर मायकेल ॲस्पेल आले आणि २००८ पासून फिओना ब्रूस ते करत आहेत. यांपैकी कोणीही व्यापारी किंवा लिलावदार म्हणून नावारूपाला आलेले नव्हते. ब्रूस यांनी तर ऑक्सफर्डमध्ये फ्रेंच आणि इटालियनचे शिक्षण घेतले आणि त्या बातम्यांच्या क्षेत्रातून आल्या. तरीही एका धर्मगुरूने जुन्या वस्तूंच्या दुकानातून ४०० पौंडांना घेतलेले चित्र सतराव्या शतकातील नामवंत चित्रकार व्हॅन डाइकचे असावे, अशी शंका प्रथम त्यांनाच आली, कारण त्या सुमारास त्या चित्रतज्ज्ञ फिलिप मोल्ड यांच्यासह त्याच चित्रकारावरील कार्यक्रमाचे काम करत होत्या. पुढे चित्राची सफाई होऊन ते अस्सल ठरले आणि त्याचे मूल्य सुमारे ४ लाख पौंड सांगण्यात आले. म्हणजे पत्रकारितेकडूनही वाट आहे. फक्त डोळा तयार होईपर्यंत जाणकारांच्या शेजारी बरीच वर्षे उभे राहावे लागते.

सागवान

मान्य. मात्र या दोन जागा एकाच व्यक्तीने भरल्याचे उदाहरण म्हणजे 'बार्गेन हंट'. हा कार्यक्रम २००० साली सुरू झाला तेव्हा डेव्हिड डिकिन्सन ५८ वर्षांचे होते आणि जुन्या वस्तूंचा व्यापार हाच त्यांचा पेशा होता. रुबाबदार कपडे आणि 'चीप ॲज चिप्स' (अगदी स्वस्त) हे पालुपद लोकांच्या लक्षात राहिले, पण घासाघीस करताना समोरच्याचा अंदाज घेण्याची त्यांची रीत बाजारात शिकलेली होती. २००३ मध्ये त्यांच्या जागी आलेले टिम वोनकॉट हे सदबीज या लिलावगृहात दीर्घकाळ संचालकपदावर राहिलेले, म्हणजे त्याच व्यवसायाच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. तरीही कार्यक्रम तोच राहिला. (वैयक्तिक आवड सांगायची तर मला वोनकॉट अधिक भावतात.)

जुना_दिवा

सर्वांचे आभार. भाचीने मात्र लगेच विचारले आहे की भारतात राहून अशी पारख कुठे शिकावी आणि जुन्या बाजारात खरेदी-विक्री करून हात तयार करता येईल का.

नोंदवही

खरेदी-विक्रीबाबत तिने फार जपून राहावे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शिल्पे, चित्रे, नाणी यांसारख्या १०० वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात. हस्तलिखितांसारख्या महत्त्वाच्या लेखनासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. परवान्याशिवाय अशा वस्तूंचा व्यापार करता येत नाही, काही प्रकारांची नोंदणी बंधनकारक आहे आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. इंग्लंडमध्ये एखादा हौशी मनुष्य शनिवारच्या बाजारात घेतलेली वस्तू पुढच्या आठवड्यात लिलावाला लावून शिकतो. तो मार्ग येथे या वस्तूंपुरता जवळजवळ बंद आहे.

त्यामुळे ज्या वस्तू कायद्याच्या मर्यादेत येत नाहीत, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याची घड्याळे, रेडिओ, एनॅमलच्या पाट्या, काडेपेट्यांवरील चित्रे, त्यांपासून तिने सुरुवात करावी आणि खूप जुन्या वस्तूंचा हात संग्रहालयात घडवावा. पुण्यात असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते, दिवे आणि दरवाजे यांपैकी एकच प्रकार निवडून, त्यातील फरक स्वतः टिपून ठेवावेत. आणि त्या टिपणांवरून एखाद्या अनोळखी माणसाला दोन मिनिटांत एक अडकित्ता समजावून देता येतो का, हे कॅमेऱ्यासमोर करून पाहावे.