मदत हवी आहे: आयसीयू सोडून इन्फेक्शन कंट्रोलला जाऊ का? (नागपूर, जीएनएम, वय ३१)

आयसीयूवाली_सिस्टर

नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. नाइट करून आलेय आणि झोप काही येऊन नाही राहिली.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), एमएनसीचं म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, रिन्यू पण केलेलं आहे. सुरुवातीची तीन वर्षं ३५ बेडच्या एका नर्सिंग होममध्ये गेली, तिथं वॉर्ड, लेबर रूम, ओटी सगळं एकाच सिस्टरच्या गळ्यात. मग धंतोलीत एका १२० बेडच्या हॉस्पिटलात मेडिकल आयसीयूला लागले, आता पाचवं वर्ष चालू आहे. हातात २४ हजार पडतात. नवरा बुटीबोरीला एमआयडीसीत, त्याच्याही शिफ्टा. मुलगी तीन वर्षांची. सासूबाई आहेत म्हणून माझ्या नाइट निघून जातात पण त्यांचेही गुडघे दुखून राहिले, किती दिवस त्यांच्या जिवावर काढायचं.

तर झालं असं की आमच्याकडची इन्फेक्शन कंट्रोल नर्स नोकरी सोडून पुण्याला चालली आणि एनएबीएचचं (हॉस्पिटलला दर्जाची मान्यता देणारी संस्था) ऑडिट तोंडावर आलंय, म्हणून सुपरिटेंडंट मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं की तू घेशील का, तुझी चार्टिंग व्यवस्थित असते, डॉक्टरांना तोंडावर बोलायला घाबरत नाहीस. ९ ते साडेपाच, रविवारी सुट्टी, नाइट नाही, तीन हजार वाढ. ऐकायला छानच वाटतं ना. पण आमच्या आयसीयूतल्या सिनियर सिस्टर म्हणतात की एकदा पेशंटच्या बेडपासून लांब गेलीस की हात जातो, मग तू फाइलवाली होशील, इनचार्ज करायची वेळ आली की तुझं नाव कोणी घेणार नाही. आणि मला तर इनचार्ज व्हायचंच आहे, पुढे सुपरवायझर, खोटं कशाला बोलू.

दुसरं म्हणजे पोस्ट बेसिक बीएससी (जीएनएमनंतर करायची नर्सिंगची डिग्री) करायचं डोक्यात आहे कधीचं, ते रेग्युलर केलं तर दोन वर्षं पगार बंद. तिसरं, एम्सची नॉरसेट (तिथल्या नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा) द्यावी का असंही वाटते, पण जीएनएमवाल्यांना चालते का तेच नीट कोणी सांगत नाही, क्लासवाला म्हणतो आधी फी भर मग सांगतो.

ज्यांनी वॉर्ड, आयसीयू, ओटी, क्वालिटी असं फिरून पाहिलंय त्यांनी प्लीज सांगा. शुक्रवारपर्यंत मॅडमना उत्तर द्यायचंय.

वर्धारोडकर

दिवसाची ड्युटी आणि वरून तीन हजार, आणि तुम्ही विचार करून राहिल्या? घ्या बापा. आमच्या घरी नाइटवरून रोज भांडणं आहेत.

आयसीयूवाली_सिस्टर

भाऊ, तेवढंच असतं तर विचारलंच नसतं :)

ब्रदर_मिहान

ताई, आधी नॉरसेटचं बोलतो कारण बाकी सगळं थांबू शकते, वय थांबत नाही.

जीएनएमला चालते. अट अशी की रजिस्ट्रेशन पाहिजे आणि किमान ५० बेडच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव पाहिजे. म्हणजे तुमची ३५ बेडवाली तीन वर्षं त्यात धरणार नाहीत, पण धंतोलीतली चार वर्षं झाली, म्हणजे अनुभवाच्या हिशोबानं तुम्ही आजच्या आज पात्र आहात, पोस्ट बेसिकची वाट पाहायची गरज नाही. बीएससी किंवा पोस्ट बेसिक असेल तर ही अनुभवाची अट नसते, इतकाच फरक.

वयाची मर्यादा ३०. ओबीसीला तीन वर्षं सूट, एससी एसटीला पाच. तुम्ही कोणत्या प्रवर्गात ते लिहिलं नाही. ओपन असाल तर हा विषय इथंच संपला, वाईट वाटून घेऊ नका, तरी राज्याची भरती आहे, तिथं ओपनला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत चालते.

परीक्षा दोन टप्प्यांत, प्रिलिम फक्त गाळणी आहे, मेरिट मेन्सच्या मार्कांवर लागते. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, म्हणून अंदाजपंचे ठोकू नका. लागलं तर पगाराची लेव्हल ७, बेसिक ४४,९००. नागपूरच मिळेल असं मात्र नाही, रँकप्रमाणे कुठलंही एम्स लागू शकते, आमच्या बॅचमधला एक जण पार जोधपूरला आहे. पोरगी लहान असताना ते जमेल का हे घरी बसून बोलून घ्या, फॉर्म भरायच्या आधी.

(तुम्हाला एक फायदा आहे, ८० टक्के जागा महिलांना असतात. आम्ही ब्रदर लोक उरलेल्या २० टक्क्यांत मारामारी करतो.)

आयसीयूवाली_सिस्टर

ओबीसी आहे भाऊ. म्हणजे अजून थोडा वेळ आहे माझ्याकडे, मी तर गेलंच म्हणून सोडून दिलं होतं!!

रिटायर्ड_परिसेविका

पोरी, मी मेडिकलमधून (नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज) परिसेविका म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडे शिडी सरळ होती, अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहाय्यक अधिसेविका, मग अधिसेविका. सेवाज्येष्ठता आली की वर, मध्ये कोणाला विचारायचं काम नाही. प्रायव्हेटमध्ये अशी शिडी नसते, तिथं ज्याला चार खात्यांचं काम येते तोच वर जाते. म्हणून तुझ्या सिनियर सिस्टर जे सांगून राहिल्या ते सरकारीच्या हिशोबानं ठीक आहे, तुझ्याकडे लागू पडते असं मला नाही वाटत.

हात जातो हे मात्र खरं आहे. कोणी काहीही म्हणो. वर्षभर सक्शन केलं नाही, अल्गोरिदमप्रमाणे कोडमध्ये (पेशंटचं हृदय बंद पडतं तेव्हा) उभी राहिली नाही, की अ‍ॅम्प्युल फोडतानाच कळते. त्याला उपाय आहे, मॅडमशी बोलून महिन्यातून दोन ड्युट्या आयसीयूत ठेव, सुट्ट्यांच्या रिलीव्हर म्हणून त्यांनाही कोणीतरी लागतेच. आणि बीएलएस, एसीएलएसचं (जीव वाचवायच्या ट्रेनिंगचं) सर्टिफिकेट दोन वर्षांनी संपते, ते चालू ठेव.

इनचार्जचं म्हणशील तर मी तुला वेगळंच सांगते. चांगली इनचार्ज म्हणजे चांगली आयसीयू सिस्टर नव्हे. ड्युटी रोस्टर लावणं, तीन जणी एकाच दिवशी सुट्टी मागतात तेव्हा कोणाला नाही म्हणायचं, इंडेंट (सामानाची मागणी) वेळेवर टाकणं, नार्कोटिकचं रजिस्टर, नातेवाईक अंगावर आले तर मध्ये उभं राहणं. यातलं अर्धं काम आयसीयूत बेडपाशी राहून कधीच शिकायला मिळत नाही.

हँडरब

मी पाच वर्षं इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, रामदासपेठेत. आधी कार्डियाक आयसीयूला होते, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून हसूच आलं, माझ्याकडेही हेच बोलले होते सगळे.

फाइलवाली म्हणतात त्यांना एक दिवस माझ्यासोबत फिरवायला पाहिजे. सकाळी पहिला राउंड आयसीयूचा. व्हेंटिलेटरवर किती, सेंट्रल लाइन किती, कॅथेटर किती, रोज मोजायचं, कारण शेवटी रेट त्यावरच निघतो. समज महिन्यात सगळे मिळून ६०० व्हेंटिलेटर डे झाले आणि व्हॅपच्या (व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया) ३ केस, तर ३ भागिले ६०० गुणिले हजार, म्हणजे हजार दिवसांमागे ५. हा आकडा कमिटीच्या मीटिंगमध्ये तू मांडणार, आणि समोर बसलेले इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे डॉक्टर) म्हणणार की ही व्हॅप नाहीच, पेशंट घरूनच न्यूमोनिया घेऊन आला होता. तेव्हा व्हेंटिलेटर कोणत्या दिवशी लागला, एक्स-रे कधी बदलला, हे तुला तोंडपाठ पाहिजे. ज्या सिस्टरनं स्वतः व्हेंटिलेटरचा पेशंट सांभाळला तिलाच हे जमते, नवीन पोरीला डॉक्टर दोन मिनिटांत गप्प करतात.

मग कचरा. पिवळ्यात ड्रेसिंग, लाल डब्यात आयव्ही सेट आणि कॅथेटर, सुया पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, काच निळ्यात. पाठ सगळ्यांना आहे, पोस्टर भिंतीभिंतीवर आहे. तरी दुपारी तीनला शिफ्ट बदलताना पिवळ्या पिशवीत सुई सापडतेच, आणि ती टोचते कोणाला तर हाउसकीपिंगच्या मावशीला. मागच्या वर्षी असंच झालं, मावशी बोट दाबून दाबून रक्त काढत बसल्या होत्या, कोणीतरी तसंच शिकवलेलं. दाबायचं नसते, साबण पाण्यानं धुवायचं आणि लगेच कळवायचं, कारण एचआयव्हीचं औषध द्यायचं झालं तर दोन तासांत सुरू झालेलं बरं, ७२ तासांच्या वर जाऊन उपयोग नाही. मावशी सांगायलाच तयार नव्हत्या, पगार कापतील म्हणून. हे काम फाइलीत होत नाही.

वाईट बाजू पण सांगते. सगळे तुझ्यावर वैतागतील. कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्याच म्हणतील आली पोलीस. हँड हायजीनचं ऑडिट करायला कोपऱ्यात उभी राहिलीस की तेवढ्यापुरते सगळे रब लावतात. आणि एनएबीएचच्या आधीचा महिना ९ ते साडेपाच विसर, मी रात्री नऊला घरी जायची.

पण पुढची वाट चांगली आहे. एनएबीएच पाहिजे असेल तर हॉस्पिटलला इन्फेक्शन कंट्रोल नर्स ठेवावीच लागते, त्यामुळे कुठेही गेलीस तरी पोस्ट आहे. इथून क्वालिटीत जाता येते, नर्स एज्युकेटर होता येते. आमच्याकडची आत्ताची डेप्युटी सुपरिटेंडंट याच खुर्चीतून गेली.

ब्रदर_मिहान

यात माझी एकच भर. ऑर्डर लेखी घ्या आणि त्यात पद काय लिहितात ते पाहा. नर्सिंग डिपार्टमेंट, स्टाफ नर्स आयसीयू आणि इन्फेक्शन कंट्रोल नर्स असं असलं तर पुढे अनुभवाच्या सर्टिफिकेटवर वाद होत नाही. नुसतं क्वालिटी एक्झिक्युटिव्ह लिहून दिलं तर उद्या तुम्ही नर्स होत्या हे सिद्ध करत बसाल. आणि आत्ताच, खुर्ची बदलायच्या आधीच, आजपर्यंतच्या आयसीयूचं अनुभव प्रमाणपत्र मागून ठेवा, त्यावर बेडची संख्या आलीच पाहिजे.

केरळला_जाऊन_आलेली

परदेशी जायचं असेल तर मात्र आयसीयू सोडू नको. बाहेरचे रिक्रूटर सगळ्यात आधी विचारतात की सध्या बेडसाइड कुठे आहेस, गॅप किती. आयसीयू, ओटी, डायलिसिसवाल्यांना पटकन उचलतात.

आयसीयूवाली_सिस्टर

परदेश नाही ग, नवरा बुटीबोरी सोडून वर्ध्याला जायला तयार नाही :) पोस्ट बेसिकबद्दल कोणी सांगा ना.

रिटायर्ड_परिसेविका

ते कर. जीएनएमवर एका मर्यादेपर्यंतच जाता येते, सुपरवायझरच्या पुढे मोठी हॉस्पिटलं बीएससी मागतातच, आणि एमएससी करून शिकवायला जायचं झालं तर मध्ये हे लागतेच. रेग्युलर दोन वर्षांचं. नोकरीत राहून करायचं तर इग्नूचं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ) आहे, तीन वर्षांचं, त्याला एन्ट्रन्स असते आणि रजिस्ट्रेशननंतरचा दोन वर्षांचा अनुभव लागते. कोणतंही कॉलेज घेतलंस तरी इंडियन नर्सिंग काउन्सिलची आणि एमएनसीची मान्यता स्वतः त्यांच्या साइटवर तपास, एजंटाच्या कागदावर जाऊ नको. आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं कोणाकडे ठेवायची नाहीत, कॉलेज असो की हॉस्पिटल.

आयसीयूवाली_सिस्टर

ओरिजिनलचं आधीच भोगून झालं आहे, त्या नर्सिंग होमनं माझं मार्कशीट दाबून ठेवलं होतं, सोडवायला चपला झिजल्या.

बरं, सगळ्यांचं वाचून असं ठरवतेय. शुक्रवारी मॅडमना हो म्हणते पण तीन गोष्टी मागून, ऑर्डरवर नर्सिंग डिपार्टमेंट, महिन्यातून दोन ड्युट्या आयसीयूत, आणि इन्फेक्शन कंट्रोलचं ट्रेनिंग हॉस्पिटलच्या खर्चानं. नॉरसेटचा फॉर्म येईल तेव्हा भरते, दिवसाची ड्युटी असली तर रात्री पोरगी झोपल्यावर दोन तास अभ्यास निघेल, नाइटमध्ये तर तेही होत नव्हतं. इग्नूचं पुढच्या वर्षी बघते, सगळं एकदम अंगावर घेत नाही.

एकच राहिलं, माझं ओबीसीचं सर्टिफिकेट कॉलेजच्या वेळचं आहे, ते चालेल का?

ब्रदर_मिहान

ते राज्याचं असेल. एम्सला केंद्राच्या नमुन्यातलं लागते, नॉन क्रीमिलेअरसहित, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघा, दोन्ही याद्या सारख्या नाहीत. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून अर्ज होते. जाहिरातीत सर्टिफिकेटची तारीख कोणत्या मुदतीतली पाहिजे ते लिहिलेलं असते, तिथंच दरवेळी पोरं बाद होतात. नवऱ्याचं नाही, आईवडिलांचं उत्पन्न धरतात, म्हणून माहेरचे कागद गोळा करायला आत्ताच सांगून ठेवा.

आयसीयूवाली_सिस्टर

माहेर गोंदियाला आहे, बाबांना आजच फोन करते. हँडरब ताई, व्यनि (खाजगी मेसेज) केलाय, तुमचं ऑडिटचं चेकलिस्ट बघायला मिळेल का?

हँडरब

पाठवते. पण आमच्या हॉस्पिटलचं नाव काढून टाकते आधी, रविवारपर्यंत थांब.