मदत हवी आहे : जुना फ्लॅट दुरुस्त करून विकण्याचा नागपुरातील हिशेब

नमस्कार. दुरुस्त करून विकायचा याच उद्देशाने मी अकरा महिन्यांपूर्वी त्रिमूर्ती नगर परिसरात दोन बेडरूमचा एक जुना फ्लॅट घेतला. इमारत २००१ सालची असून फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. तो अजूनही माझ्याकडेच आहे. ज्यांनी नागपुरात असा व्यवहार स्वतः केला आहे किंवा ज्यांना करांची माहिती आहे, त्यांचे मत हवे आहे, म्हणून आकडे न लपवता देतो.

खरेदी ३८ लाखांची. विक्रीपत्र पत्नीच्या नावाने केल्यामुळे मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के, म्हणजे २ लाख २८ हजार लागले. नोंदणीचे ३० हजार आणि दलालीचे ३८ हजार वेगळे. दुरुस्तीचा अंदाज साडेतीन लाखांचा होता, पण बाथरूमच्या फरशा उखडल्यावर खालची पाइपलाइन पूर्ण गंजलेली निघाली आणि खर्च ५ लाख ४० हजारांवर गेला. येथवर ४६ लाख ३६ हजार झाले. २५ लाखांच्या कर्जाचे व्याज दरमहा सुमारे १८,७५० रुपये आणि सोसायटीचा देखभाल खर्च धरला, तर आज हा फ्लॅट मला ४८ लाख ५९ हजारांना पडला आहे. मी ५४ लाख मागत होतो. ठाम म्हणावी अशी एकच बोली आली, ती साडेएकोणपन्नास लाखांची. दुसऱ्या एका गृहस्थांनी ५१ लाख देऊ केले, परंतु त्यातले १२ लाख रोख. त्यांना मी नम्रपणे नकार दिला.

दुरुस्तीत माझी एक चूक अशी झाली, जी नागपूरकराने तरी करायला नको होती. हॉलच्या खिडकीला बाहेरून कूलरचे लोखंडी स्टँड होते. ते मला बेढब वाटले म्हणून काढून टाकले आणि तिथे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली. जुलैत एक कुटुंब घर पाहायला आले. मुलाच्या आईने काच सरकवली, उघडलेली जागा वितीने मोजली आणि विचारले, "इथे कूलर कसा बसेल हो?" मी एसीचा पॉइंट दाखवला. "एसी रात्रीपुरता. मे महिन्यात दिवसभर काय करायचं?" त्या म्हणाल्या, आणि ते लोक पुन्हा आले नाहीत. ज्या मॉड्युलर किचनवर मी १ लाख ७० हजार घातले, त्याचा ड्रॉवर कोणी ओढूनही पाहिला नाही. प्रत्येकाची नजर आधी बाथरूमच्या छताकडे गेली, कारण वरच्या मजल्यावरून पाणी झिरपते का, हे त्यांना पाहायचे होते. पितृपक्षात तर फोनच बंद झाले.

आता विचारायचे ते असे. साडेएकोणपन्नासला देऊन मोकळे व्हावे, की नफ्यावरचा कर कमी व्हावा म्हणून २४ महिने पूर्ण होईपर्यंत भाड्याने देऊन थांबावे? पत्नीच्या नावाने सवलत घेतलेली असताना पुरुष खरेदीदाराला विकल्यास काही अडचण येते का? शिवाय दलालाने हुडकेश्वरकडे एक बैठे घर सुचवले आहे. त्याला आरएल (नागपूर सुधार प्रन्यासचे ‘रिलीज लेटर’, म्हणजे भूखंड नियमित केल्याचे पत्र) आहे, पण बांधकामाचा मंजूर नकाशा नाही. किंमत मोहात पाडणारी आहे.

प्रतिसाद :

सवलतीची चिंता सोडा. महिला खरेदीदाराने पंधरा वर्षे पुरुषाला विकू नये ही अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. मात्र पैसा तुमचा आणि नाव पत्नीचे असेल, तर विक्रीतला नफा तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो, हे तुम्ही धरलेले दिसत नाही. साडेएकोणपन्नासमधून एक टक्का दलाली गेल्यावर तुमच्या हाती चाळीसएक हजार उरतात, पण व्याज सहसा घराच्या किमतीत धरू देत नाहीत, त्यामुळे करासाठीचा नफा २ लाख ६४ हजार दिसेल. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह ८२ हजार कर, म्हणजे व्यवहार तोट्यात. २४ महिन्यांनंतर दर साडेबारा टक्के होईल आणि अठ्ठेचाळीसएक हजार वाचतील, पण त्या तेरा महिन्यांचे व्याज २ लाख ४४ हजार आहे. चौदा हजार भाडे मिळाले तरी ते पूर्ण भरून निघत नाही, आणि भाडेकरू असताना घर दाखवणे किती अवघड जाते, ते मी भोगले आहे. मी असतो तर विकून टाकले असते.

ठाम बोली फारशा येत नाहीत, त्यालाही कारण आहे. बँकेच्या मूल्यांकनकाराने तुमचा फ्लॅट ४६ लाखांचा ठरवला, तर ८० टक्क्यांनी कर्ज ३६ लाख ८० हजार. साडेएकोणपन्नासमधले उरलेले पावणेतेरा लाख आणि ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क, म्हणजे त्याला स्वतःचे सोळा लाखांवर उभे करावे लागतात. तुमचे किचन मूल्यांकनात फारसे धरले जात नाही. हुडकेश्वरच्या घराचेही तेच : मंजूर नकाशाशिवाय बँका कर्जाला काचकूच करतात, आणि रोख पैसेवाल्याची वाट पाहत बसावे लागते. मोह आवरा.

धागाकर्त्याचे उत्तर :

मनापासून आभार. नफा माझ्या उत्पन्नात येईल हे खरोखरच लक्षात आले नव्हते. साडेएकोणपन्नासवाल्यांकडून बयाणा घेण्याआधी त्यांना त्यांच्या बँकेकडून मूल्यांकन करून घ्यायला सांगतो, म्हणजे अर्ध्यावर व्यवहार अडकणार नाही. कूलरचे स्टँड भंगारात दिले नव्हते, गच्चीवर पडून आहे. उद्या फॅब्रिकेटरला बोलावले आहे.