मदत हवी आहे: इंग्रजीतला जुना ‘मॉइल’
मंडळी, ‘टॉइल अँड मॉइल’ (म्हणजे राबराब राबणे) मधल्या ‘मॉइल’चा माग काढतोय. मूळ लॅटिन ‘मोलिस’, म्हणजे मऊ. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘भिजवणे’, आणि इंग्रजीत आल्यावर ‘चिखलाने बरबटणे’. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ नाटकात नायिका केटचा घोडा घसरून पडतो, ती त्याच्याखाली, नोकर ग्रुमिओ चवीचवीने सांगतो, बाई चिखलात कशा ‘बिमॉइल्ड’ झाल्या! (कसला चपखल शब्द, वापरातून गेला बिचारा.) पुढे अर्थ ‘राबणे’कडे सरकला. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत. चिखलात राबणाऱ्यांमुळे हे झालं असावं, पटतं. पण मला मधल्या काळातली वाक्यं हवीत, शेतीविषयक लेखनातली असतील तर उत्तमच. कुणाकडे मोठा, अनेक खंडांचा ऑक्सफर्ड कोश आहे का? त्या नोंदीचा फोटो टाकाल का, प्लीज?